महोगनी, लाख आणि रंगाचीं पुटें

‘कपाट’ या शब्दाचा संस्कृतांतील मूळ अर्थ दाराची फळी असा आहे. भिंतींत एक पोकळी ठेवावी, तिला दोन लहान दारें बसवावीं, आणि त्या दारांच्या नांवानेंच पुढें सगळी वस्तु ओळखली जावी, असा या शब्दाचा प्रवास झालेला दिसतो. ‘अलमारी’ पोर्तुगीजांनीं आणली, ‘खुर्ची’ अरबींतून आली, ‘टेबल’ इंग्रजांबरोबर आलें. हे शब्द एका ओळींत मांडले म्हणजे ध्यानांत येतें कीं, चार पायांवर उभें राहणारें लांकडी सामान आपल्या घरांत पाहुण्यासारखें शिरलें. मराठवाड्यांतील एखादा जुना वाडा पाहावा. ढेलज, माळवद, भिंतींतील कोनाडे, खुंट्या, धान्याचें बळद आणि वस्त्रांसाठीं एखादी संदूक, एवढ्यांत संसार सामावलेला असे. ज्या घरांत माणसें जमिनीवर मांडी घालून बसतात, त्या घरांत छातीइतक्या उंचीवरच्या खणांचा उपयोग तो काय?

आमच्या इतिहासकारांनीं बखरी वाचल्या, सनदा तपासल्या, ताम्रपट लावले. परंतु लांकडी सामानावर बसलेल्या रंगाच्या व रोगणाच्या पुटांकडे पुरावा म्हणून पाहण्याची संवय आम्हांस लागली नाहीं. जुनें कपाट मळकट दिसूं लागलें कीं सुतारास बोलवावें, खरवडून घ्यावें आणि नवा हात द्यावा, एवढेंच आपण जाणतों. खरवडतांना खालीं जी भुकटी पडते ती केरांत जाते. त्या भुकटींत काय असतें, हें या लेखांत सांगावयाचें आहे. वाचकांस हा विषय क्षुल्लक वाटला तरी त्यांनीं थोडा धीर धरावा.

प्रथम महोगनीची हकीकत पाहूं. कारण जुन्या लांकडी सामानाची प्रतिष्ठा सांगावयाची झाली कीं तोंडीं हाच शब्द येतो. हा वृक्ष वेस्ट इंडीज बेटांचा व मध्य अमेरिकेचा. १७२१ सालीं इंग्लंडच्या पार्लमेंटनें अमेरिकेंतील वसाहतींच्या लांकडावरील जकात उठविली, आणि त्यानंतर जमेकांतील महोगनी लंडनच्या कारखान्यांत येऊं लागली. तत्पूर्वी तेथील श्रीमंतांचें सामान अक्रोडाचें असे. महोगनीच्या फळ्या रुंद. ती फारशी वांकत-पिळत नाहीं. आणि घासून-पुसून तिच्यावर जी तांबूस झळाळी चढते तिच्यापुढें अक्रोड फिका पडला. पुढें जमेकांतील सहज हातीं लागणारीं झाडें संपत आलीं आणि कुऱ्हाड होंडुरासच्या किनाऱ्याकडे वळली. ती कुऱ्हाड ज्यांच्या हातीं होती ते आफ्रिकेंतून धरून आणलेले गुलाम होते. इंग्रजी कादंबऱ्यांतील चकचकीत टेबलांचीं वर्णनें आम्हीं विद्यार्थिदशेंत आवडीनें वाचलीं. पण ही गोष्ट कोणत्याहि वर्गांत आम्हांस कोणी सांगितल्याचें आठवत नाहीं.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें ही महोगनी आपल्या कडुनिंबाच्या कुळांतील आहे, हें ऐकून पुष्कळांस गंमत वाटेल. तिची वेस्ट इंडीजमधील जात १७९५ सालीं कलकत्त्याच्या सरकारी वनस्पति-उद्यानांत लावण्यांत आली. मोठ्या पानांची दुसरी जात १८७२ सालीं आली. तथापि बागेंत झाड लावणें निराळें आणि सुताराच्या हातीं फळी देणें निराळें. हिंदुस्थानांत साहेबलोकांसाठीं जें सामान बनत असे त्यांतील बरेंचसें सागाचें, शिसवीचें किंवा तुणीचें असे. तूणहि त्याच कडुनिंबाच्या कुळांतील; तिला इंग्रज व्यापारी ‘हिंदी महोगनी’ म्हणून मोकळे होत. सागावर तांबडा रंग चढवून त्यास महोगनीचें रूप देण्याची युक्ति तर सार्वत्रिक होती. खुद्द खऱ्या महोगनीसहि अधिक गडद करण्यासाठीं चुन्याची निवळी किंवा पोटॅशियम बायक्रोमेटचें पाणी लावीत. सारांश, महोगनी हें एका झाडाचें नांव होतें तें हळूहळू एका रंगाचें नांव झालें.

रंगावर चकाकी चढते ती मात्र आपल्या लाखेची. या लाखेविषयीं थोडें विस्तारानें लिहिलें पाहिजे. पळस, बोर, कोशिंब यांच्या कोंवळ्या डहाळ्यांवर एक सूक्ष्म कीटक बसतो, रस शोषतो आणि स्वतःभोंवतीं राळेसारखें कवच करतो. डहाळ्यांवरील हें कवच खरवडून, कुटून, पाण्यांत धुतलें म्हणजे लाल पाणी वेगळें होतें व दाणे उरतात. ते दाणे कापडाच्या लांब, अरुंद पिशवींत भरून विस्तवासमोर पिशवी पिळीत गेलें कीं वितळलेली लाख बाहेर झिरपते. ती ताणून पातळ पापुद्रा करतात आणि थंड झाल्यावर मोडतात. हाच बाजारांतील चपडा. महाभारतांत पुरोचनानें वारणावतांत पांडवांसाठीं जें घर बांधलें त्यांत लाख, राळ, तूप असे जळाऊ पदार्थ भरले होते, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. लाख पेट घेते, हें आमच्या पूर्वजांनीं त्या कथेंत नोंदवून ठेवलें. ती मद्यार्कांत विरघळते, या गुणावर मात्र युरोपांत एक मोठा धंदा उभा राहिला.

१६८८ सालीं स्टॉकर आणि पार्कर या दोघां इंग्रजांनीं जपानी पद्धतीच्या रोगणकामावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत लाखेचीं रोगणें करण्याच्या कृति दिल्या आहेत. चीन-जपानचें मूळ रोगण एका झाडाच्या चिकापासून होतें. तें युरोपास मिळेना, तेव्हां त्याची नक्कल हिंदुस्थानच्या लाखेनें होऊं लागली. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत चपडा स्पिरिटांत विरघळवून, कापसाच्या बोळ्यावर स्वच्छ कापड गुंडाळून, त्यावर जवसाच्या तेलाचा एखादा थेंब घेऊन, गोल गोल हात फिरवीत पातळ पुटांवर पुटें चढविण्याची रीत इंग्लंडांत रूढ झाली. तिला ‘फ्रेंच पॉलिश’ असें नांव पडलें, आणि तेंच नांव घेऊन ती साहेबाच्या सामानाबरोबर आमच्याकडे आली. पळसावरची लाख समुद्रापार जाऊन परत आली ती फ्रेंच होऊन! आजहि आमचा सुतार ‘फ्रेंच पॉलिश’ असेंच म्हणतो आणि हा विलायती हुन्नर आहे असें समजतो.

लाखेच्या धुवणांतील लाल रंगाचाहि एक मोठा व्यापार होता. कंपनी सरकारच्या काळांत तो रंग किरमिजाच्या जागीं लोकर रंगविण्यासाठीं विलायतेस जात असे. १८५६ सालीं पर्किन नांवाच्या तरुण रसायनज्ञानें डांबरापासून जांभळा रंग काढला; त्याच्या मागोमाग तशाच रंगांची रांग लागली आणि लाखेच्या रंगास गिऱ्हाईक उरलें नाहीं. धुवणाचें लाल पाणी फेंकून देण्याची पाळी आली. चपडा मात्र तरला. इतकेंच नव्हे तर ग्रामोफोन निघाल्यावर त्याची मागणी वाढली. बालगंधर्वांचीं पदें ज्या काळ्या तबकड्यांवरून महाराष्ट्रांत घरोघर पोंचलीं त्या तबकड्यांत हीच लाख होती. १९२४ सालीं रांचीजवळ नामकुम येथें लाखेच्या संशोधनासाठीं स्वतंत्र संस्था स्थापन झाली, यावरून त्या काळीं या पदार्थाचें मोल काय होतें तें कळतें.

लाखेची जोडीण जवस. मराठवाडा व वऱ्हाड येथील काळ्या रानांत रब्बीला जवस पेरणें ही जुनी वहिवाट आहे. जवसाची चटणी येथील ताटांत अजूनहि असते. या बियांचें तेल हवेंतील प्राणवायु शोषून घट्ट होतें व त्याचा कातड्यासारखा पापुद्रा बनतो. उकळून घेतलेल्या या तेलास रंगारी बेलतेल म्हणतात, आणि जुन्या सगळ्या तेलरंगांचा तें प्राण होतें. मुंबई बंदरांतून जवस पोत्यांनीं युरोपास जाई, आणि रंगाच्या डब्यांतून त्याचा कांहीं अंश परत येई. त्यांत आमच्या कुणब्याच्या हातीं काय पडलें हा हिशेब निराळा आहे. तो येथें उघडीत नाहीं.

येथें कोणी असें म्हणेल कीं, माल आमचा असला तरी लांकूड रंगविण्याची कला परक्यांचीच. हेंहि खरें नाहीं. नांदेडच्या पलीकडे निर्मळ नांवाचें गांव आहे. आज तें तेलंगणांत मोडतें, पण १९४८ पर्यंत मराठवाडा व निर्मळ हे एकाच निजामी राज्याचे भाग होते. तेथील नक्काश पोनिकी नांवाच्या हलक्या लांकडाच्या वस्तु करतात, चिंचोक्यांच्या खळीचा लेप देऊन पृष्ठभाग गुळगुळीत करतात आणि मग रंग देतात. दुसरीकडे कोंकणांत सांवतवाडीचे चितारी आहेत. चरकावर फिरणाऱ्या लांकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरली कीं घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळून लांकडास बिलगते. येथें स्पिरिट नाहीं, बोळा नाहीं, फ्रान्सचें नांव नाहीं. पाट, खेळणीं, गंजिफा यांवर चढलेले सांवतवाडीचे रंग ज्यांनीं पाहिले आहेत ते लांकडावर रंग देण्यास गांवंढळपणा म्हणणार नाहींत. आमच्या सुशिक्षित वर्गांत मात्र एक समजूत रुजली आहे कीं, लांकूड तेवढें खानदानी आणि रंग म्हणजे त्याची विटंबना. ही समजूत विलायती दिवाणखान्यांतून उचललेली असून ती सरसकट मान्य करण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

महोगनीचा रंग मराठवाड्याच्या आडगांवीं पोंचला कसा, याचें उत्तर हिंगोलीच्या छावणींत आहे. हैदराबादच्या निजामाच्या खर्चानें पोसली जाणारी आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालीं असलेली जी कंटिंजंट फौज होती तिच्या मुख्य ठाण्यांत हिंगोली हें एक; मोमिनाबाद, एलिचपूर, औरंगाबाद हीं दुसरीं. फौज आली कीं बाजार येतो, आणि छावणीच्या बाजारांत कोणती वस्तु कोठून आली हें विचारण्याची चाल नसते. मेडोज टेलर यानें आपल्या १८३९ सालच्या ठगांवरील कादंबरीच्या प्रस्तावनेंत एक हकीकत दिली आहे. हरिसिंग नांवाचा प्रतिष्ठित व्यापारी हिंगोलीच्या छावणींत राहत असे. मुंबईहून कापड आणावयाचें आहे असें सांगून त्यानें साहेबांकडून परवाना घेतला. वाटेंत त्या कापडाच्या खऱ्या मालकास व त्याच्या माणसांस ठार केलें. आणि त्याच परवान्याच्या आधारें तो माल आणून छावणींत राजरोस विकला. हा गृहस्थ ठगांचा नायक होता, हें पुढें उघडकीस आलें. सरकारी परवाना हेंहि एक रोगणच म्हणावयाचें!

या छावण्यांतील अधिकाऱ्यांचें सामान विशिष्ट घडणीचें असे. बदली झाली कीं तें बैलगाडीवर किंवा उंटावर घालावें लागे. म्हणून खणांचें कपाट एकसंध न करतां एकावर एक बसणारे दोन भाग करीत. कोंपऱ्यांस पितळी पट्ट्या. कड्या लांकडांत खोल बसविलेल्या, म्हणजे गाडींत घांसल्या जात नाहींत. पाय फिरवून काढतां येणारे. असें सामान विलायतेंतून येई, मुंबईस बने, आणि छावणीजवळचे देशी सुतारहि त्याची हुबेहूब नक्कल करीत. १९०२ सालीं वऱ्हाडाविषयीं कर्झन व निजाम यांच्यांत करार झाला. त्यानंतर १९०३ सालीं कंटिंजंट फौज हिंदी सैन्यांत मिसळून गेली आणि हिंगोलीची छावणी उठली. साहेब गेले, जड सामान मागें राहिलें. आसपासच्या गांवांतील देशमुख-देशपांडे, सावकार, वकील यांच्या घरांत आजहि क्वचित् जी फौजी थाटाचीं कपाटें आढळतात त्यांचा वंश बहुधा तेथवर पोंचतो.

असें एक कपाट आम्हीं पुसेगांवीं पाहिलें. साताऱ्याकडील सेवागिरी महाराजांचें पुसेगांव तें निराळें. हें हिंगोली जिल्ह्याच्या सेनगांव तालुक्यांतील. जिल्हा १९९९ चा, त्यापूर्वीं हा मुलूख परभणींत होता. घरच्या मंडळींचा आमच्याशीं जुना स्नेह असल्यामुळें, कपाट खरवडून पॉलिश करावें कीं नव्यानें पांढरा रंग द्यावा या त्यांच्या वादांत आम्हांस पंच म्हणून बोलावणें आलें. कपाट दोन भागांचें, पितळी कोंपऱ्यांचें, वर-खालीं सगळीकडे हिरव्या तेलरंगानें माखलेलें. धाकट्या पिढीचें म्हणणें असें कीं, आंत अस्सल महोगनी आहे, ती बाहेर काढलीच पाहिजे. सूनबाईंचें म्हणणें, घर उजळ दिसावें. घरांतील आजी ऐशींच्या पुढच्या. त्या म्हणाल्या, “साहेबाची पेटी आहे तशी राहूं द्या.”

कारण विचारतां त्यांनीं सांगितलेली हकीकत अशी. १९४८ सालीं रझाकारांच्या धामधुमींत निजामी सरहद्दीवरील अनेक कुटुंबें वऱ्हाडांत आश्रयास गेलीं. तसें हेंहि घर एका रात्रींत रिकामें झालें. माणसें, दागिने व दोन गाई गेल्या. कपाट जड म्हणून राहिलें. सप्टेंबरच्या सतराव्या तारखेस निजाम शरण आला, आणि त्यानंतर मंडळी परतलीं तेव्हां दारें मोडलेलीं, बळद रिकामें, आणि कपाटाच्या वरच्या भागावर कुऱ्हाडीचे तीन घाव. पैसा नव्हता. आजींच्या सासऱ्यांनीं स्वतः त्या घावांत लांबी भरली आणि हिंगोलीहून हिरव्या रंगाचा एक डबा आणून सगळें कपाट रंगविलें. हिरवाच कां? दुकानांत तेवढाच उरला होता! आजींनीं हें हसत सांगितलें. पण बोलतांना त्यांचा हात त्या लांबी भरलेल्या जागेवरून फिरत होता.

खरवडण्याच्या प्रश्नावर इंग्लंडांत एके काळीं मोठें रण माजलें होतें. जुन्या देवळांच्या भिंती खरवडून त्यांस ‘मूळ’ रूप देण्याची तेथें लाट आली, तेव्हां विल्यम मॉरिस यानें १८७७ सालीं प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठीं एक मंडळी स्थापन केली. लोक तिला थट्टेनें ‘खरवड-विरोधी’ म्हणत. मॉरिसचा मुद्दा असा होता कीं, मधल्या काळानें चढविलेले थर हाहि इतिहासच. ते काढून जें मूळ म्हणून आपण दाखवितों तें आपल्याच कल्पनेचें असतें. इमारतींपुरतें हें आम्हांस मान्य आहे. परंतु लाखेचें पॉलिश ही वेळोवेळीं नवी करावयाचीच गोष्ट आहे. गरम भांडें ठेवलें कीं तिच्यावर पांढरें वर्तुळ उमटतें, स्पिरिटाच्या बोळ्यानें तें जातें, आणि कारागीर पुन्हां हात देतो. तेव्हां मॉरिसचा नियम कपाटास जसाच्या तसा लावणें म्हणजे ओंवरींतील दिव्यास तेल न घालतां त्याची काजळी जतन करण्यासारखें आहे. हिरव्या रंगाची गोष्ट वेगळी. तो केवळ कपाट झांकण्यासाठीं दिलेला नव्हता. घर पुन्हां उभें राहिल्याची ती एकमेव खूण होती. ती पुसून खालीं जमेकाची एखादी फळी सांपडली, तर या घरानें नेमकें काय मिळविलें असतें?

दुसरी एक व्यवहाराची गोष्ट आम्हीं त्यांच्या कानावर घातली. जुन्या तेलरंगांत शिसें असण्याचा फार संभव असतो. आपल्या देशांत घरगुती रंगांतील शिशावर दशलक्षांत ९० भाग ही मर्यादा २०१६ च्या नियमांनीं घातली व ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली; १९४८ च्या डब्यास असला कांहीं निर्बंध नव्हता. असा रंग कोरडा घांसला तर त्याची धूळ श्वासावाटें पोटांत जाते, आणि घरांत रांगतें मूल होतें. म्हणून काम परसांत, रंग ओला ठेवून, मुलांस दूर ठेवून करावें, असें ठरलें.

निवाडा कपाटाच्या घडणीनेंच सुचविला. त्याचे भाग दोन; घाव वरच्या भागावर. तेव्हां वरचा भाग हिरवाच ठेवून त्यावर पारदर्शक रोगणाचें एक पुट द्यावें, आणि खालचा भाग उघडावा. सूनबाईंस हें फारसें रुचलें नाहीं, पण आजींच्या शब्दापुढें त्यांनीं आग्रह धरला नाहीं.

खालच्या भागाचा हिरवा रंग औषध लावून मऊ करून काढला, तेव्हां आंत काळपट तपकिरी चकाकी दिसली. तिच्यावर स्पिरिटाचा बोळा फिरवितांच ती चिकट झाली. लाखच ती. थोडें अधिक पुसल्यावर बोळा तांबडा होऊं लागला. मंडळींचे चेहरे खुलले; आमचा मात्र संशय बळावला, कारण खऱ्या महोगनीचा तांबूसपणा लांकडांतच असतो, तो असा लोंढ्यानें कापसावर उतरत नाहीं. खण उपडा करून सुतारानें त्याच्या मागील कडेवर रंध्याचा एक हात मारला. पिवळसर तपकिरी ढलपी निघाली आणि सागाचा तो ओळखीचा वास पसरला. साहेबाची महोगनी आमचाच साग निघाली. आणि तिच्यावर महोगनीचा रंग देऊन वर आमचीच लाख चढविली होती. धाकट्या चिरंजीवांची थोडी निराशा झाली. सुतार मात्र खूष होता. महोगनीपेक्षां सागावर त्याचा भरंवसा अधिक होता.

मग पुन्हां वाद. तांबडा रंग परत द्यावा कीं साग उघडा ठेवावा? आमचें मत रंग द्यावा असें पडलें. कपाट जन्मल्यापासून तांबडें होतें. घडविणाऱ्या अनाम सुतारानें त्यास तोच पोशाख दिला होता. आणि दुकानांत ‘महोगनी’ नांवाचा रंग अजूनहि मिळतो. परंतु मंडळींनीं तें मानलें नाहीं. आतां लपवावयाचें कशास, असें चिरंजीव म्हणाले, आणि आजींनीं मान डोलावली. चपडा बाहेरगांवाहून मागवावा लागला. जवळपासच्या पॉलिशवाल्यांस यंत्रानें फवारावयाचें मेलामाइन ठाऊक, बोळ्याचें काम करणारा एकच म्हातारा सुतार निघाला. तोहि दिवसाला दोन-तीन पुटांवर जाईना. सकाळीं हात द्यावा, सुकूं द्यावें, बारीक पॉलिशपेपर फिरवावा, पुन्हां हात द्यावा. नऊ दिवस हें चाललें. दहाव्या दिवशीं चौघांनीं हिरवा भाग उचलून त्या सागावर ठेवला आणि आजींनीं खालच्या खणांत आपलीं नऊवारी लुगडीं परत लावलीं.